घाण्यापासून मोबाईलपर्यंत : प्रार्थनेची वाट

॥ श्रीमंगलमूर्तये नमः ॥

संतभूमी आणि उद्योगभूमी

पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या काठचा हा प्रदेश पूर्वापार संतांची भूमी म्हणून ओळखला जातो. पवनेच्या तीरी श्रीक्षेत्र चिंचवड येथे महासाधू श्री मोरया गोसावी यांची संजीवन समाधी आहे. इंद्रायणीच्या तीरी श्रीक्षेत्र आळंदी येथे श्री ज्ञानेश्वर महाराजांनी इ.स. १२९६ मध्ये समाधी घेतली. त्याच नदीच्या वरच्या अंगाला श्रीक्षेत्र देहू येथे जगद्गुरू श्री तुकाराम महाराज जन्मास आले. चाकण ही तर तुकोबारायांचे अभंग लिहून ठेवणारे संतश्रेष्ठ श्री संताजी महाराज जगनाडे यांची जन्मभूमी.

याच भूमीवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसरी एक पंढरी उभी राहिली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. त्यामागोमाग आकुर्डी, चिंचवड, भोसरी या गावांच्या माळरानांवर मोटारींचे, स्कूटरींचे आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. पुढे हाच विस्तार चाकणपर्यंत गेला. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे पोटासाठी येथे आली व येथलीच झाली.

आज श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांत रात्रपाळी संपवून थेट मंदिरात येणारा कामगार असतो, कारखान्याचा मालक असतो, संगणकावर काम करणारी लेक-सून असते आणि नातवाचे बोट धरून आलेले आजी-आजोबाही असतात. प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न कधी ना कधी उमटतोच. आपण हात जोडतो, मनोमन बोलतो, ते खरोखर कोठे पोचते काय? पोचत असेल, तर उत्तर का येत नाही? आणि दिवसाचे बारा बारा तास यंत्रापाशी उभे राहणाऱ्याने देवाला शोधावे तरी केव्हा?

या प्रश्नांचा विचार भाविकांच्या रोजच्या हाताळणीतील साधनांच्याच आधारे या प्रवचनात केला आहे.

संतांनी अवजारांतून देव पाहिला

भक्तीचे गूढ समजावण्यासाठी यंत्राचा आधार घेणे काहींना वावगे वाटेल. परंतु महाराष्ट्राची संतपरंपरा पाहिली, तर तिने हेच केले आहे. श्री सावता महाराजांनी भाजीच्या मळ्यात विठ्ठल पाहिला. श्री गोरोबाकाकांनी माती तुडवताना त्याचे नाव घेतले. संत जनाबाईंच्या जात्याला तर प्रत्यक्ष पांडुरंग हात लावी, असे परंपरा सांगते. नरहरी महाराजांनी सोनाराच्या बागेसरीत आणि हातोडीत, सेना महाराजांनी आरशात व वस्तऱ्यात परमार्थ शोधला. मळ्यातील मोट, कुंभाराचे चाक, सोनाराची फुंकणी ही त्या काळची यंत्रेच होती.

चाकणच्या संताजी महाराजांचा व्यवसाय तेल गाळण्याचा. त्यांच्या नावे घाण्याचे अभंग परंपरेने प्रसिद्ध आहेत. घाण्याचा अर्थ कोणाही तेल्याला ठाऊक असतो. तीळ वरून कोरडा दिसतो, त्यात तेल आहे हे डोळ्यांना दिसत नाही. परंतु घाणा फिरत राहिला, लाट दाबत राहिली, की तेल आपोआप खाली पाझरते. तेल बाहेरून आणून तिळात घालावे लागत नाही. त्याचप्रमाणे भगवंत जीवाच्या अंतरी आहेच. प्रार्थना त्याला कोठून बोलावून आणत नाही. ती अंतरीचे बाहेर पाझरू देते. मात्र घाण्याचा एक फेरा मारून भांडे तेलाने भरत नाही. बैल थांबला की धार थांबते, हे घाणा चालवणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आज घाण्याच्या जागी सी.एन.सी. यंत्र आले, जात्याच्या जागी मिक्सर आला आणि निरोप नेणाऱ्या जासुदाच्या जागी मोबाईल आला. साधने बदलली तरी त्यांतून परमार्थ पाहण्याची दृष्टी बदलण्याचे कारण नाही. खंडेनवमीला व दसऱ्याला या पट्ट्यातील कारखान्यांत यंत्रांना झेंडूच्या माळा घालून हळदकुंकू वाहण्यात येते. ज्या हातांनी वर्षातून एकदा यंत्राची पूजा होते, त्या हातांना तेच यंत्र वर्षभर काही शिकवू शकते.

यंत्राचे मूळस्थान, मनाचे मूळस्थान

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत सी.एन.सी. यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाला एक रीत माहीत असते. अनेक यंत्रांत, विशेषतः जुन्या पद्धतीच्या यंत्रांत, वीज गेली की आपण नेमके कोठे उभे आहोत याची यंत्राची स्मृती पुसली जाते. वीज परत आली म्हणून लगेच काम सुरू करता येत नाही. आधी त्याचे सर्व अक्ष मूळस्थानी न्यावे लागतात. कामगार त्यास ‘होम’ला नेणे असे म्हणतात. एकदा ते स्थान गाठले, म्हणजे पुढील प्रत्येक माप तेथून मोजले जाते. हे न करता यंत्र चालवले, तर हत्यार भलत्याच जागी जाते. माल वाया जातो, हत्यार मोडते आणि क्वचित माणसासही इजा होते.

मनुष्याच्या मनाची गती याहून निराळी नाही. रोज रात्री निद्रेत त्याची वीज जाते. सकाळी डोळे उघडताच मन धावू लागते. हप्ता, बस, पाळी, साहेबांचा राग, मुलांची फी असे सारे एकदम समोर येते आणि मन जेथे असेल तेथूनच कापायला सुरुवात करते. मग दिवसभराचे प्रत्येक माप चुकते. लहान गोष्टीवर मोठा संताप येतो, मोठ्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते.

सकाळची प्रार्थना ही मनाला मूळस्थानी नेण्याची क्रिया आहे. तिला फार वेळ लागत नाही; यंत्रालाही थोडाच लागतो. अंथरुणावर बसून दोन्ही तळहात पाहावेत, भूमीला वंदन करावे, इष्टदेवतेचे नाव घ्यावे आणि ‘हा देह, हे काम, ही माणसे तुझी आहेत’ एवढे मनाशी म्हणावे. येथून पुढे दिवस मोजावयाचा. ज्याने एवढे केले त्याच्या दिवसात अडचणी येणार नाहीत असे नव्हे. परंतु अडचण किती मोठी आणि आपण किती दूर गेलो आहोत, हे मोजावयास त्याच्यापाशी एक ठाम ठिकाण असते.

नामस्मरण : न बोलताही राहणारा संबंध

मोबाईल आज झोपडीपासून बंगल्यापर्यंत सर्वांच्या हाती आहे. त्याचे एक कार्य मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. कोणी बोलत नसताना, खिशात शांत असतानाही तो ठरावीक काळाने जवळच्या मनोऱ्याला आपला ठावठिकाणा कळवत असतो. ही नोंद क्षणभराची असते; वापरणाऱ्यास तिची जाणीवही होत नाही. परंतु ती नोंद असते म्हणूनच, दूर गावी असलेल्या आईने क्रमांक लावला की लक्षावधी फोनांतून नेमका तिच्या लेकराचाच फोन वाजतो.

नामस्मरणाचे स्वरूप असेच आहे. प्रपंचातील माणसास तासन्‌तास आसनावर बसणे शक्य नाही. संतांनी ते मागितलेलेही नाही. काम हातात, नाम मुखात, हा त्यांनी दिलेला सोपा मार्ग. जुळणीच्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या कामगाराने एक सुटा भाग बसवून दुसरा येईपर्यंतच्या क्षणात मनात नाव घ्यावे. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना घ्यावे. गाडी सिग्नलला थांबली असता घ्यावे. हे क्षण लहान असले तरी त्यांतून संबंध टिकतो. हाक येईल त्या वेळी जीव सापडावा, यासाठी एवढी नोंद पुरेशी आहे.

आणखी एक अनुभव कारखान्यातील प्रत्येकाचा आहे. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये आत गेले की मोबाईलची रेंज जाते. म्हणून मनोरा बंद पडला असे कोणी म्हणत नाही. माणूस चार पावले चालून दाराशी येतो आणि बोलतो. भगवंताशी संबंध तुटल्यासारखा वाटतो तेव्हाही आपण कोणत्या पत्र्याखाली उभे आहोत, हे आधी पाहावे. अहंकार, द्वेष, व्यसन, खोटेपणा हे सारे जाड पत्रेच आहेत.

रेंज कमी असली की फोन मनोऱ्यापर्यंत पोचण्यासाठी अधिक जोर लावतो आणि त्याची बॅटरी लवकर उतरते. मनोरा जवळ असला की थोड्या शक्तीत काम भागते. ज्याचे मन भगवंतापासून दूर गेले आहे, त्याची प्रार्थना आक्रोशाची होते आणि त्यात तो थकून जातो. जो रोज जवळ राहतो, त्याला मोठ्याने बोलावे लागत नाही. आई शेजारच्या खोलीत असली म्हणजे मूल आरडाओरडा करत नाही.

खोडदची तबकडी : प्रार्थना म्हणजे ऐकणे

आजवर प्रार्थना म्हणजे बोलणे असाच समज आहे. परंतु ती ऐकणेही आहे. याचा उत्तम दृष्टांत चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे गेल्यावर, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळील खोडद येथे पाहावयास मिळतो. तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारण्यात आली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. त्यांतील १४ मध्यभागी आणि उरलेल्या १६ तीन दिशांना गेलेल्या भुजांवर आहेत.

ही दुर्बीण आकाशाकडे काही पाठवत नाही. ती केवळ ऐकते. दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या रेडिओलहरी इतक्या क्षीण असतात की जवळ वापरलेला साधा मोबाईलही त्यांना झाकून टाकतो. म्हणूनच मानवी गोंगाट कमी असलेली जागा तिच्यासाठी निवडण्यात आली.

या दुर्बिणीच्या कार्यातील चार गोष्टी साधकाने मनात धरण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट शांततेची. ती आकाशाला मोठ्याने बोलावयास सांगत नाही. स्वतःभोवतीचा गोंगाट कमी करते. प्रार्थनेस बसताना दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद ठेवावेत, हा नियम घरातील वडीलधारे घालतात त्याचे कारण हेच.

दुसरी गोष्ट सातत्याची. क्षणभर ऐकून तेथे काहीच कळत नाही. शास्त्रज्ञ तासन्‌तास, अनेक दिवस एकाच दिशेने ऐकतात आणि ते सारे एकत्र करतात. गोंगाट अनियमित असतो, म्हणून बेरीज करताना तो परस्परांना खोडत जातो. खरा संकेत क्षीण असला तरी तोच तो असतो, म्हणून बेरजेत तो हळूहळू वर येतो. रोजच्या प्रार्थनेत मन भरकटते, म्हणून अनेकजण ती सोडून देतात. त्यांनी हा न्याय ध्यानी घ्यावा. भरकटणे रोज निराळे असते, नाम रोज तेच असते. वर्षांच्या बेरजेत जे उरते ते नामच.

तिसरी गोष्ट संघाची. तीस तबकड्या एकत्र ऐकतात तेव्हा त्या मैलोगणती विस्ताराच्या एकाच दुर्बिणीसारख्या काम करतात. एकट्या तबकडीला जे दिसत नाही ते सर्वांना मिळून दिसते. सामुदायिक आरती, हरिपाठ, दिंडी यांचे सामर्थ्य येथे समजते. पालखी सोहळ्यात देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी आकुर्डीस मुक्कामाला येते, त्या दिवशी कारखान्याचा गणवेश घातलेले तरुणही वारकऱ्यांच्या पायांना हात लावताना दिसतात. एकट्याने शोधून न सापडलेले काही त्यांना त्या गर्दीत सापडलेले असते.

चौथी गोष्ट सर्वांत सांत्वनाची. या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत. त्या बारीक तारांच्या जाळीच्या आहेत. जवळून पाहिले तर त्यांत पोकळीच अधिक. तरीही रेडिओलहरींची लांबी जाळीच्या छिद्रांहून पुष्कळ मोठी असल्याने त्या लहरी जाळीतून निसटत नाहीत. वाराही त्या जाळीतून निघून जातो, म्हणून तबकडी सोसाट्यात टिकते. आपले मन दोषांनी, चुकांनी, शंकांनी छिद्रे पडलेले आहे, अशा मनात देव कसा यावा, असे ज्यांना वाटते त्यांनी ही जाळी आठवावी. भगवंताची कृपा मनाच्या छिद्रांहून मोठी आहे. मनाने तिच्या दिशेने तोंड करणे एवढेच पुरे.

सद्गुरू : मापाचे माप

२०२३ साली शास्त्रज्ञांनी एक वार्ता जाहीर केली. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका आकाशगंगेतून निघालेला हायड्रोजन वायूचा संकेत खोडदच्या या दुर्बिणीने टिपला होता. एवढ्या दूरचा संकेत तिला एरवी ऐकू आला नसता. वाटेत दुसरी एक आकाशगंगा होती. तिच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगाप्रमाणे तो संकेत सुमारे ३० पट वाढवला, म्हणून तो पृथ्वीवर कळला. भगवंत आणि भक्त यांच्यामध्ये सद्गुरू व संत असेच उभे असतात. ते वाट अडवीत नाहीत; क्षीण वाटणारे बोलणे ते आपल्या हृदयातून मोठे करून पुढे देतात.

कारखान्यातील गुणवत्ता विभागालाही हे तत्त्व ठाऊक आहे. माल मोजण्याचे गेज रोज वापरून झिजते. ते झिजले आहे हे त्याला स्वतःला कळत नाही. ते आपले चुकीचे मापही ठामपणे सांगत राहते. म्हणून ठरावीक मुदतीने ते प्रमाण-कक्षात नेतात. तेथील तापमान २० अंश सेल्सिअसच्या जवळ राखलेले असते. तेथील प्रमाण-मापाशी ते ताडून पाहतात. ते प्रमाण-मापही त्याहून श्रेष्ठ मापाशी ताडलेले असते आणि ही साखळी शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जाते.

मनुष्याची सदसद्विवेकबुद्धीही रोजच्या व्यवहारात झिजते. ‘सगळेच करतात’ या शब्दांत ती झीज ऐकू येते. तीर्थयात्रा, सत्संग, संतग्रंथांचे वाचन हे तिचे ताडून पाहणे आहे. संतांनी आपले जीवन गुरूंशी ताडले, गुरूंनी परमगुरूंशी आणि ही परंपरेची साखळी मुळाशी भगवंतास जाऊन मिळते. मंदिरात येणाऱ्याने देवाकडे काय मागावे याबरोबरच आपण किती झिजलो आहोत, हेही समाधीसमोर उभे राहून पाहावे.

यंत्र आणि भगवंत यांतील भेद

येथवर साम्य पाहिले. आता भेद पाहणे अगत्याचे आहे, कारण साम्याच्या मोहात मोठी चूक होण्याचा संभव असतो.

यंत्रात कळ दाबली की ठरलेले फळ मिळते. पैसे भरले की मोबाईलचा रिचार्ज होतो. भगवंत असे यंत्र नाही. इतके नारळ, इतक्या प्रदक्षिणा, इतकी देणगी म्हणजे अमुक फळ, असा हिशेब जो मांडतो तो देवाला दुकानदार समजतो. नवस म्हणजे करार नव्हे. तो आर्त मनाने दिलेला शब्द असतो. फळ मिळो वा न मिळो, शब्द देणाऱ्याचे मन त्यामुळे देवाशी बांधले जावे, हा त्याचा हेतू.

दानशूर भक्तांनी याविषयी विशेष विचार करावा. त्यांच्या देणगीतून अन्नदान, भक्तनिवास, धर्मकार्य घडते आणि ते पुण्यप्रद आहे. परंतु देणगी प्रार्थनेची जागा घेऊ शकत नाही आणि न्यायाची जागा तर मुळीच नाही. या औद्योगिक पट्ट्यात प्रेस यंत्रांवर काम करताना बोटे गमावलेले कामगार आहेत. उत्पादन वाढावे म्हणून यंत्राचे सुरक्षा-कवच काढून ठेवावयाचे, सेन्सर बंद करावयाचा आणि त्याच नफ्यातून मूर्तीला चांदीचा हात वाहावयाचा, हे भगवंताला कसे रुचावे? ज्याच्या यंत्रावर कामगाराचा हात सुरक्षित आहे, ज्याच्याकडे कंत्राटी मजुराचा पगार वेळेवर व पुरा पोचतो, त्याने वाहिलेली एक दूर्वाही श्रींना पोचते. तसेच कामगारानेही काम चुकवून केलेल्या जपाचे पुण्य मागू नये. आपल्या हातून गेलेल्या ब्रेकच्या सुट्या भागावर कोणा अनोळखी कुटुंबाचा जीव अवलंबून आहे, हे स्मरून तो भाग निर्दोष करणे हाही जपच होय.

उत्तर न आलेली प्रार्थना

सर्वांत कठीण प्रश्न उरतो. मनापासून प्रार्थना केली, आचरणही शुद्ध ठेवले, तरी नोकरी गेली; औषधोपचार करूनही लेकरू वाचले नाही. अशा भक्ताला काय सांगावे?

त्याला उपदेश करण्याआधी तुकोबारायांचे चरित्र सांगावे. इ.स. १६३० च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. तुकोबांचा व्यापार बुडाला. घरात अन्न उरले नाही. त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली आणि लहान मुलगाही गेला. ज्यांच्या घरी विठ्ठलाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, त्यांच्यावर हा प्रसंग आला. भक्ती करणाऱ्यास दुःख होत नाही असे म्हणणाऱ्याने हे चरित्र वाचलेले नाही.

त्या दुःखात तुकोबा जेथे जाऊन बसले ते स्थान आज चाकणच्या औद्योगिक वसाहतीजवळ आहे. तो भामचंद्र डोंगर. परंपरा सांगते की, तेथे त्यांनी पंधरा दिवस एकांतात भगवंताचा ध्यास घेतला. धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधत तेथे आले. पुढे वडिलोपार्जित सावकारीची खतपत्रे पुढे आली तेव्हा कान्होबांचा वाटा त्यांना देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. दुष्काळाने गांजलेल्या ऋणकोंचे घेणे त्यांनी सोडून दिले.

भामचंद्राच्या त्या एकांतात गेलेली पत्नी परत आली नाही, मूल परत आले नाही, व्यापारही परत उभा राहिला नाही. जे हवे होते त्यातील काही मिळाले नाही. परंतु डोंगरावर गेलेला दुःखी वाणी खाली उतरला तो इतरांचे दुःख आपले मानणारा संत होऊन. प्रार्थनेचे उत्तर कित्येकदा असे येते. परिस्थिती तीच राहते, तिला सामोरा जाणारा मनुष्य बदलतो. आणि बदललेल्या त्या मनुष्याकडून जगाला जे मिळते, ते कोणत्याही मागण्याहून मोठे असते.

ज्यांचे दुःख अजून ताजे आहे त्यांच्याकडून लगेच अशी अपेक्षा करू नये. त्यांनी देवापुढे रडावे, रागवावे, भांडावेही. तुकोबा देवाशी पुष्कळ भांडले आहेत. भांडण हाही संबंधच आहे. फोन आपटून बंद करण्याहून रागाने बोलणे बरे.

देवही वाट चालून येतो

महासाधू श्री मोरया गोसावी यांची कथा या क्षेत्रातील सर्वांस परिचित आहे. ते दर महिन्याच्या चतुर्थीस चिंचवडहून श्री मयुरेश्वराच्या दर्शनास मोरगावी जात. सुमारे ८० किलोमीटरची ही वाट. ऊन, पाऊस, नदीचा पूर यांची तमा त्यांनी बाळगली नाही. वार्धक्यात शरीर थकले, वाट सरेना, परंतु नेम सोडवेना. तेव्हा, परंपरेनुसार, श्री मयुरेश्वराने त्यांना सांगितले की आता कष्ट नकोत, मीच तुझ्यासवे येतो. कऱ्हा नदीत स्नान करीत असता त्यांच्या ओंजळीत गणेशमूर्ती आली. तीच आज चिंचवडच्या मंगलमूर्ती वाड्यात विराजमान आहे. भाद्रपद व माघ महिन्यांत चिंचवडहून मोरगावी जाणारी पालखी त्या वाटेची आठवण आजही जागती ठेवते.

या कथेचा अर्थ खोल आहे. मोरयांनी चालणे सोडल्यावर देव आला नाही. चालता चालता शक्ती संपली तेव्हा आला. जेवढे आपल्या हातचे आहे तेवढे माणसाने करावे, उरलेली वाट देव चालतो. २०२० साली महामारीच्या काळात मंदिरांची दारे बंद होती, पायी वारी होऊ शकली नाही आणि माउलींच्या व तुकोबारायांच्या पादुका एस.टी. बसने पंढरीस गेल्या. त्या वर्षी वारकऱ्यांनी घरीच हरिपाठ म्हटला. नेम अडला नाही, केवळ वाहन बदलले. विठोबाने ती वारी अमान्य केली असे कोणी वारकरी म्हणणार नाही.

भाविकांसाठी नित्यनेम

क्षेत्रदर्शन घेऊन घरी परतणाऱ्या भाविकांनी पुढील पाच गोष्टींचा संकल्प करावा :

१. सकाळी उठताच, मोबाईल हाती घेण्यापूर्वी, इष्टदेवतेचे स्मरण करावे.

२. कामाच्या वेळी, पाळी कोणतीही असो, तीन वेळा तरी मनात नाम घ्यावे. ज्यांची रात्रपाळी असेल त्यांनी पहाटेची वेळ चुकली म्हणून खंत करू नये. देवाच्या दारी सर्व पाळ्या सारख्या आहेत.

३. दिवसातून काही मिनिटे काहीही न मागता शांत बसावे आणि ऐकावे.

४. आठवड्यातून एकदा कुटुंबासह आरती किंवा हरिपाठ म्हणावा. दूरगावी असलेल्या आईवडिलांना त्या वेळी फोन लावून त्यांचा आवाजही त्यात मिसळून घ्यावा.

५. रात्री निजण्यापूर्वी आपल्यामुळे आज कोणाचा हात सावरला आणि कोणाला आपल्यामुळे इजा झाली, हे देवासमोर मोजावे. इजा झाली असेल तर दुसऱ्या दिवशी प्रथम त्या व्यक्तीकडे जावे.

समाधीसमोर दोन क्षण उभे राहणाऱ्या भक्ताची हाक ऐकली जाते की नाही, या प्रश्नाचे उत्तर तर्काने पुरते देता येणार नाही. परंतु घाणा फिरवणाऱ्याला तेल मिळाले, वाट चालणाऱ्याला मूर्ती मिळाली आणि सर्वस्व गमावून डोंगरावर बसलेल्याला अवघे जग आपले झाले, ही साक्ष याच मातीने दिली आहे. त्या साक्षीवर विश्वास ठेवून आजचा भाविकही आपल्या हातातील साधनासह, आपल्या पाळीच्या वेळेनुसार, या वाटेवर चालू शकतो. वाट तीच आहे आणि वाट पाहणाराही तोच आहे.

सर्व भाविकांचे, त्यांच्या कुटुंबीयांचे आणि त्यांच्यासोबत राबणाऱ्या सर्व हातांचे श्री मंगलमूर्ती रक्षण करो.

॥ मंगलमूर्ती मोरया ॥
॥ शुभं भवतु ॥